कट्टा एकोणीस दिवसांत सुटला, पुडी पावणेतीन वर्षं आत

तालुकावकील | रविवार, रात्री ९.५०

टेबलावर दोन फायली आहेत. ओळख लागू नये म्हणून तपशील इकडेतिकडे केलेत, गाभा खरा आहे.

पहिली फाइल. पोरगा २४ वर्षांचा, कमरेला गावठी कट्टा, खिशात दोन जिवंत काडतुसं. एसटी स्टँडच्या मागे उचलला. तीन दिवस पीसीआर (पोलीस कोठडी), मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), एकोणिसाव्या दिवशी सेशन्स कोर्टातून जामीन. पंचवीस हजारांचा जातमुचलका, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, दर सोमवारी ठाण्यात हजेरी.

दुसरी फाइल. पोरगा २२ वर्षांचा, मोटरसायकलच्या डिकीत एमडी, म्हणजे मेफेड्रोन. पंचनाम्यात वजन ५३ ग्रॅम. पावणेतीन वर्षं झाली, कळंब्याच्या तुरुंगात आहे. पहिला साक्षीदार अजून पिंजऱ्यात चढलेला नाही.

परवा या दुसऱ्याचे वडील ऑफिसात बसले होते आणि पहिला हजेरी लावून पेढे घेऊन आला. तो गेल्यावर वडिलांनी शांतपणे विचारलं, "वकीलसाहेब, माझ्या पोरानं पिस्तूल ठेवलं असतं तर बरं झालं असतं काय?"

मी चहा मागवला. दुसरं काय करणार.

कायद्याच्या भाषेत उत्तर सोपं आहे. आर्म्स ॲक्टमध्ये जामिनाची स्वतःची खास अट नाही. विनापरवाना साधं अग्निशस्त्र बाळगणं म्हणजे कलम ३ सह २५(१बी)(ए). २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन, जास्तीत जास्त पाच वर्षं. अजामीनपात्र आहेच, पण न्यायाधीश नेहमीचंच बघतात: पळेल का, साक्षीदार फोडेल का, मागचे गुन्हे किती, आणखी काही हस्तगत व्हायचं राहिलंय का. शिवाय सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे अर्नेश कुमार निकालाच्या (२०१४) कक्षेत येतात. मुळात अटक कशाला केली, हे आधी पोलिसांनी सांगायचं. प्रत्यक्षात कट्टेवाल्याला नोटीस देऊन घरी पाठवणारं ठाणं मी पाहिलेलं नाही, ते सोडा.

एनडीपीएसला, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याला, मात्र कलम ३७ आहे. ते लागलं की सरकारी वकिलाला विरोधाची संधी द्यायची, आणि त्याने विरोध केला तर कोर्टाची दोन गोष्टींबद्दल खात्री पटली पाहिजे. एक, आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे. दोन, जामिनावर असताना तो कुठलाही गुन्हा करण्याची शक्यता नाही. पहिल्या अटीत खटल्याआधीच निकाल मागितलाय. दुसरी अट कायदेपंडिताने लिहिली की ज्योतिषाने, हे मला वीस वर्षांच्या वकिलीत कळलेलं नाही.

हे ३७ लागतं वजनावर. एमडीचं 'अल्प प्रमाण' २ ग्रॅमपर्यंत, 'व्यावसायिक प्रमाण' ५० ग्रॅमच्या वर. गांजाला १ किलो आणि २० किलो. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉइन ५ ग्रॅम आणि २५०, कोकेन २ आणि १००. पन्नास ग्रॅम म्हणजे वाण्याकडची बडीशेपेची छोटी पुडी. ४९ ग्रॅम एमडी सापडलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, पण ३७ नाही. ५१ ला दहा ते वीस वर्षं आणि ३७ मानगुटीवर. दोन ग्रॅमचा फरक.

फाइल माझ्याकडे तीन आठवड्यांपूर्वी आली. आधीच्या वकिलांचा अर्ज सेशन्सने फेटाळलाय. आता कोल्हापूरला उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचकडे जायचंय (ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची वारी वाचली, एवढं एक बरं झालं). तुम्हा लोकांना काय वाटतं? वकिलांनीच बोलावं असं काही नाही.

पेठेतला गृहस्थ | रविवार, रात्री १०.१८

वाटतं ते स्पष्ट सांगतो. त्या बापाबद्दल वाईट वाटतं, पोराबद्दल नाही. ५३ ग्रॅम कोणी स्वतःसाठी डिकीत ठेवत नाही. ते विकायलाच असतं, आणि विकलं जातं ते आमच्या भागातल्या कॉलेजांबाहेर. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या कारखान्यात सापडलेलं एमडी किलोंत मोजायलाही मोठा आकडा लागला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये एमडीच्याच गुन्ह्यातला आरोपी ससून रुग्णालयातून चालत बाहेर पडला आणि पळाला. कोठडीत असताना ही तऱ्हा, मग जामीन दिल्यावर काय?

कट्टेवाल्यालाही सोडायला नको होतं. दोघांनाही आत ठेवा, भेदभाव मिटेल.

अवांतर | रविवार, रात्री १०.२५

बडीशेपेची उपमा वाचून मुखवासाचा डबा आत ठेवून आलो. वाचनखूण साठवली आहे.

जुना जमादार | रविवार, रात्री ११.०२

एकतीस वर्षं खात्यात काढली, त्यातली सहा अमली पदार्थवाल्यांच्या मागे. (पूर्ण नाव 'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५'. हे एका दमात म्हणणाऱ्याला आमच्याकडे चहा मिळायचा.)

वकीलसाहेब, तुम्ही निकाल वाचता, आम्ही वजन करायचो. ते कसं होतं ते सांगतो.

खबर येते, बहुतेक वेळा संध्याकाळनंतर. खबर आधी लेखी नोंदवायची आणि वरिष्ठाला कळवायची, कलम ४२. घाईत हे राहतं, मग मागनं वेळ जुळवून स्टेशन डायरीत घुसवलं जातं आणि उलटतपासणीत तुम्ही लोक आमची सालं काढता. दोन पंच लागतात. रात्री अकराला कोण पंच होणार? मग हॉटेलातला, पानटपरीवाला, नाहीतर मागच्या तीन केसमधला तोच तो. अंगझडती असेल तर कलम ५०: राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्यायची का, हे आरोपीला विचारायचं. डिकी म्हणजे अंग नव्हे, तेव्हा तुमच्या पोराला त्याचा उपयोग शून्य.

आणि वजनकाटा. तो आम्ही घेऊन फिरत नाही. जवळच्या दुकानदाराला काट्यासकट बोलावतो. किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा तीस किलोचा असतो, तो पाच-पाच ग्रॅमने उडी मारतो. गूळ-साखरेला ठीक. पन्नास ग्रॅमच्या कायद्याला?

म्हणून विचारतो, तुमच्या फायलीत काटा कोणाचा होता? आणि ५३ ग्रॅम पिशवीसकट की पिशवी सोडून?

तालुकावकील | रविवार, रात्री ११.४०

जमादार, तुमच्या पाया पडतो. पंचनामा पुन्हा काढून बसलोय. शब्दशः लिहिलंय: 'प्लास्टिक पिशवीसह एकूण वजन ५३ ग्रॅम'. काटा 'पंच क्र. २ यांच्या मालकीचा'. पंच क्र. २ चा धंदा: किराणा व भुसार.

आधीच्या अर्जात याबद्दल एक ओळ नाही. सगळा जोर 'अर्जदार तरुण आहे, घरचा एकुलता आहे' यावर. एकुलत्याला ३७ मध्ये सूट नाही.

आता कलम ५२अ ची इन्व्हेंटरी बघायला हवी. जप्त मालाची यादी, वजन, नमुने हे सगळं मॅजिस्ट्रेटसमोर करून घ्यायचं असतं. २०१६ च्या मोहनलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावलं आणि डिसेंबर २०२२ पासून नियमच आलेत. चार्जशीटला त्याची प्रत जोडलेली नाही. उद्या नकलेचा अर्ज टाकतो.

शून्य प्रहर | सोमवार, सकाळी ८.१५

मी एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, चुकलं तर सुधारा. पिशवीचं वजन काढता येईल, पण पावडरीतली भेसळ काढता येणार नाही. २००८ च्या ई. मायकेल राज निकालानुसार शुद्ध द्रव्याचंच वजन धरायचे. ५३ ग्रॅममध्ये एमडी २० टक्के निघालं की माणूस साडेदहा ग्रॅमवर यायचा. मग २००९ मध्ये सरकारने अधिसूचना काढली की संपूर्ण मिश्रण धरा, आणि २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी मायकेल राज चुकीचा ठरवून तेच कायम केलं. त्यामुळे आता पावडरीत ग्लुकोज मिसळलं तर ग्लुकोजही ड्रग.

थोडक्यात, गरीब गिऱ्हाइकाला विकलेला भेसळीचा माल जास्त वजन भरतो आणि जास्त शिक्षा देतो.

अवांतर | सोमवार, सकाळी ८.३१

आमचा दूधवाला या कायद्याखाली कधीच सुटला नसता.

जुना जमादार | सोमवार, सकाळी ९.०५

गांज्याचं उलटं आहे. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. आम्ही शेतातनं ओली झाडं मुळासकट उपटून आणायचो, पोतं काट्यावर टाकायचं, तेवीस किलो. वकील म्हणणार देठ आणि पानं वेगळी करा. केली तर किती उरणार हे आम्हालाही ठाऊक असायचं. अशा शंकेवर उच्च न्यायालयातून जामीन झालेले मी स्वतः बघितलेत.

गोधडी | सोमवार, दुपारी २.४४

लिहू की नको असं चाललं होतं. पण पेठेतल्या गृहस्थांचा प्रतिसाद वाचून लिहिते.

माझा भाचा. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सोडलं तेव्हा आम्हाला कळलं की तो एमडी घेतो. त्याआधी वर्षभर घरात पैसे जात होते आणि आम्ही कामवालीवर संशय घेत होतो. याची लाज अजून वाटते. त्याला पकडलं तेव्हा सात ग्रॅम होतं त्याच्याकडे. इथे वाचल्याप्रमाणे म्हणजे मधलं प्रमाण.

जामीन सव्वादोन महिन्यांनी मंजूर झाला. मंजूर म्हणजे सुटका असं आम्हाला वाटलं. बहीण ऑर्डर हातात घेऊन देवाला गेली. मग कळलं की जामीनदार स्थानिक हवा, त्याची ऐपत दाखवायला सातबारा नाहीतर घरपट्टी हवी, ऐपतीचा दाखला तहसीलमधून हवा. आम्ही भाड्याच्या घरात राहणारी माणसं. सख्ख्या दिराने सातबारा द्यायला नकार दिला, "ड्रग्जच्या केसमध्ये माझं नाव नको." त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही. कोर्टाच्या गेटवर एकजण भेटला, म्हणाला, "जामीनदार देतो, रेशनकार्डासकट, आठ हजार." आम्ही घाबरून परत आलो. ऑर्डर झाल्यापासून तेविसाव्या दिवशी तो बाहेर आला, तोही माझ्या ऑफिसातल्या शिपायाने स्वतःच्या घराची कागदपत्रं दिली म्हणून. सातशे चौरस फुटांच्या घरावर त्या माणसाने सही केली.

मला एवढंच विचारायचंय, व्यसनी मुलासाठी या कायद्यात काहीच नाही का?

तालुकावकील | सोमवार, सायंकाळी ६.२०

@गोधडी, लिहिलंत ते बरं केलंत.

आधी जामीनदाराचं. पुढे कोणाला उपयोग होईल. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला याबद्दल निर्देश दिलेत. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगाकडे जायला हवी. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करू शकतं. 'स्थानिकच जामीनदार हवा' हा हट्ट नको, हेही त्यात आहे. शिवाय तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज करता येतो: आत्ता पैसे भरून माणूस बाहेर काढा, जामीनदार चार-सहा आठवड्यांत देतो. तुमच्या वकिलाने तो का केला नाही ते मला माहीत नाही, आणि व्यवसायबंधूबद्दल इथे जास्त बोलत नाही.

गेटवरच्या माणसाला नाही म्हणालात हे शहाणपणाचं. ते रेशनकार्ड खोटं निघालं की जामीन जातोच, वर नवा गुन्हा.

व्यसनाबद्दल. कलम ६४अ आहे. व्यसनी आरोपी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. पण ते फक्त सेवनाच्या गुन्ह्याला आणि अल्प प्रमाणाला. एमडीत अल्प म्हणजे दोन ग्रॅम. ज्याला रोज लागतं तो आठवड्याचं एकदम घेतो, स्वस्त पडतं म्हणून. दोन ग्रॅमच्या वर गेला की कायद्याच्या लेखी तो व्यसनी उरतच नाही.

पेठेतला गृहस्थ | सोमवार, सायंकाळी ७.०२

@गोधडी, माझा रोख तुमच्या भाच्यावर नव्हता. सात ग्रॅम आणि ५३ ग्रॅम यात मी फरक करतो. पण ५३ वाल्यालाही कोणी मावशी असेल, हे कबूल.

मुद्दा मात्र सोडत नाही. संसदेने ही अट उगाच घातली का?

तालुकावकील | सोमवार, रात्री ८.१५

उगाच नाही. १९८५ च्या मूळ कायद्यात ही अट नव्हती, ती मे १९८९ पासून आली. मोठे व्यापारी तांत्रिक मुद्द्यांवर सुटून पसार होतात, हे कारण होतं आणि ते खरंही होतं. पण तेव्हा जाळं असं विणलं की पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेचा प्रत्येक आरोपी त्यात यायचा. २००१ मध्ये सुधारणा करून ती व्यावसायिक प्रमाण आणि १९, २४, २७अ या कलमांपुरती केली. तेव्हाच हे वजनाचे तक्ते आले. मेफेड्रोन कायद्यात यायला २०१५ उजाडलं.

मासा मोठा असेल तर त्याच्या अंगावर माल सापडत नाही हो. मालाबरोबर सापडतो तो डिकीवाला. माझ्या फायलीत ज्याने माल दिला त्याचं नाव 'पाहिजे आरोपी' म्हणून लिहिलंय, फक्त पहिलं नाव, पुढे 'पूर्ण नाव पत्ता माहीत नाही'.

म्हापशेंकार | सोमवार, रात्री ९.३०

गोव्याकडची बाजू लिहितो. आमच्याकडे किनारपट्टीवर परदेशी आरोपी बरेच. त्यांना जामीन मिळाला तरी जामीनदार कोण राहणार? हॉटेलवाला ओळख दाखवत नाही, मित्र विमानाने निघून गेलेले. पासपोर्ट जमा, व्हिसा संपलेला, कोलवाळच्या तुरुंगातून सुटून माणूस राहणार कुठे? परदेशी म्हटला की 'पळून जाईल' हे सरकारी वकिलाचं पहिलं वाक्य, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर काही पळालेतही.

दिल्लीच्या एका केसमध्ये तर नायजेरियन आरोपीला अट घातली होती की गुगल मॅपवर पिन टाकून ठेव, तपास अधिकाऱ्याला सतत दिसत राहिला पाहिजेस. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली (फ्रँक व्हिटस प्रकरण). बाहेर सोडायचं आणि मोबाइलमध्ये कोठडी करायची हे जमणार नाही, अशा अर्थाचं.

शून्य प्रहर | सोमवार, रात्री १०.४८

मुख्य मुद्दा राहतोय, लांबलेला खटला. ३७ च्या भिंतीला खिंडार पडलंय ते तिथेच.

१९९४ मध्ये सुप्रीम कोर्ट लीगल एड कमिटी प्रकरणात न्यायालयाने एकदाच उपाय म्हणून सांगितलं होतं की किमान दहा वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात पाच वर्षं कच्च्या कैदेत काढलेल्यांना सोडा. २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम प्रकरण आलं. तो सात वर्षांहून जास्त आत होता. न्यायालय म्हणालं, ३७ चा शब्दशः अर्थ लावला तर जामीन कोणालाच मिळणार नाही, आणि खटला अवाजवी लांबला तर ३७ आड येत नाही. त्याच वर्षी रबी प्रकाश प्रकरणात साडेतीन वर्षांची कैद पुरेशी मानली.

पण २०२२ चा मोहित अग्रवाल निकाल म्हणतो की नुसता कोठडीचा काळ आणि चार्जशीट दाखल होणं ही ३७ मधून सुटायची कारणं नव्हेत. दोन्ही निकाल सर्वोच्चच. वकील आपल्याला सोयीचा दाखवतो, सरकारी वकील त्याला सोयीचा.

सर, तुमच्या पोराची पावणेतीन वर्षं. रबी प्रकाशला नऊ महिने कमी.

तालुकावकील | मंगळवार, सकाळी ७.१०

तिसऱ्या वर्षाच्या मानाने तयारी चांगली आहे, पास होशील. एक भर घाल. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (बीएनएसएस) कलम ४७९: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि आधी शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळ काढला की सुटका. वीस वर्षांचा तृतीयांश म्हणजे सहा वर्षं आठ महिने. पोराला सांगू का, अजून चारच वर्षं?

'कोठडीचा काळ' हा शब्द कोर्टात किती सहज येतो. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉन्फरन्सवर त्याला हजर केलं तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. त्याने विचारलं, "तुम्ही नवीन का?" तीन वकील झालेत त्याचे.

रानमेवा | मंगळवार, सकाळी १०.०५

वाचते आहे. एक भाबडा प्रश्न. आर्यन खानला पंचवीस-सव्वीस दिवसांत कसा मिळाला मग? आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर एकच, पैसा.

तालुकावकील | मंगळवार, दुपारी १.३०

पैशाने चांगला वकील लवकर उभा राहतो, हे खरं. पण त्या प्रकरणात त्याच्याकडे काहीच सापडलं नव्हतं, सगळी भिस्त कटाच्या आरोपावर आणि चॅटवर. उच्च न्यायालय म्हणालं कटाचा पुरावा दिसत नाही, ऑक्टोबर २०२१. मे २०२२ च्या चार्जशीटमध्ये त्याचं नावच नव्हतं.

त्यातला लोकांनी न पाहिलेला भाग मला जास्त बोलका वाटतो. आदेश झाल्यावरही कागद आर्थर रोडच्या जामीनपेटीत संध्याकाळी साडेपाचच्या आत पडले नाहीत, म्हणून तो आणखी एक रात्र आत राहिला. त्याची एक रात्र देशाला कळली. @गोधडी यांचे तेवीस दिवस याच पेटीच्या रांगेतले.

२०२० चा रिया चक्रवर्तीच्या अर्जावरचा आदेशही वाचा. कोणासाठी तरी थोडं ड्रग विकत आणायला पैसे देणं म्हणजे २७अ खालचा 'अवैध व्यापाराला अर्थपुरवठा' नव्हे, असं त्यात म्हटलंय. पण त्याच आदेशात अल्प प्रमाणाचे गुन्हेही अजामीनपात्र ठरवले. २०१० च्या मुंबई उच्च न्यायालयाच्याच निकालात ते जामीनपात्र होते. एक ग्रॅमवाला पोरगा मॅजिस्ट्रेटपुढे येतो तेव्हा दोन्ही बाजू एकाच न्यायालयाचे दोन कागद फडकवतात.

जुना जमादार | मंगळवार, रात्री ९.१२

कट्ट्याबद्दल कोणी बोलेना, म्हणून मी बोलतो.

पेठेतल्या साहेबांना वाटतं कट्टेवाला सहज सुटतो. एकटा, पहिलाच गुन्हा, माल जप्त झालेला, तर सुटतो. कारण तपासात उरतं काय? शस्त्र बॅलिस्टिककडे जातं, ते चालतं का याचा अहवाल येतो, आणि खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्याची मंजुरी लागते, कलम ३९. ती नसली तर पुढे सगळं पाण्यात. जळगावच्या चोपड्याला लागून उमर्टी आहे, तिथून हे कट्टे येतात हे राज्यातल्या प्रत्येक पोलिसाला पाठ आहे. विचारलं की आरोपी सांगतो, "उमर्टीतनं आणला." कोणाकडून? "सरदारजीकडून." झाला तपास.

पण त्याच्यावर आधीचे दोन गुन्हे निघाले आणि टोळीचा म्हणून मकोका (संघटित गुन्हेगारीचा कायदा) लागला की जामिनाला तिथेही ३७ सारख्याच दोन अटी. तेव्हा कट्टा नेहमी हलका आणि पुडी नेहमी जड असं काही नाही. कागदावर कोणतं कलम चढलं त्यावर सगळं. आणि हल्ली तलवारीने केक कापणारे! रील बघायची, पत्ता काढायचा, आर्म्स ॲक्टचं ४/२५ लावायचं, पोरगा हात जोडून माफी मागतानाचा व्हिडिओ टाकायचा. तो दुसऱ्या दिवशी जामिनावर बाहेर आणि फॉलोअर वाढलेले.

खरा अन्याय विमानतळावर बघितलाय. एक म्हातारे गृहस्थ, भावाची जुनी बॅग घेऊन आलेले, तळाला एक काडतूस. भाऊ माजी सैनिक, वारलेला. आर्म्स ॲक्टच. काडतूस बॅगेत आहे हे ठाऊक असायला हवं, नुसतं असून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितलंय. तरी त्यांची रात्र ठाण्यातल्या बाकड्यावर गेली. मी त्यांना माझा डबा दिला होता.

पेठेतला गृहस्थ | मंगळवार, रात्री ९.४०

जमादार, तुमच्या हाताखाली नोकरी करायला आवडली असती.

एक विचारू का? मुदतीत चार्जशीट नाही आली तर आपोआप जामीन मिळतो ना? तो या पोराला का नाही मिळाला?

तालुकावकील | मंगळवार, रात्री १०.३३

डिफॉल्ट बेल. कट्ट्याला साठ दिवस, व्यावसायिक प्रमाणाच्या एनडीपीएसला १८०. सरकारी वकिलाने सबळ कारणांचा अहवाल दिला तर वर्षापर्यंत वाढवता येतात. मुदत संपल्यावर आरोपीने अर्ज केला की तो हक्क हिरावता येत नाही, हे २०२० च्या रवींद्रन प्रकरणात पक्कं झालंय, तेही एनडीपीएसचंच. पण अर्ज करावा लागतो. पोराची चार्जशीट १७६ व्या दिवशी आली. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल नंतर आला. अहवालाशिवायची चार्जशीट पुरी की अपुरी, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. आता त्याचा उपयोगही नाही, ती गाडी गेली.

गोधडी | बुधवार, सकाळी ११.२०

नकलेचं काय झालं?

तालुकावकील | शुक्रवार, सायंकाळी ५.५५

आज मिळाली. मॅजिस्ट्रेटसमोरची इन्व्हेंटरी. काटा सोनाराचा, दोन दशांशांपर्यंतचा. पिशवीसह वजन ५२.८४ ग्रॅम. पिशवी रिकामी करून वेगळी तोललेली.

निव्वळ वजन ५०.६० ग्रॅम.

अवांतर | शुक्रवार, सायंकाळी ५.५८

...

शून्य प्रहर | शुक्रवार, सायंकाळी ६.०४

'पन्नासपेक्षा जास्त' म्हणजे व्यावसायिक. ०.६० ने ३७ लागलंच.

जुना जमादार | शुक्रवार, सायंकाळी ६.४०

थांबा. पिशवी एकच होती का? आम्ही डिकीतनं काढलेली पुडी दुसऱ्या पारदर्शक पिशवीत घालून सील करायचो. आतली पुडी कागदाची असेल तर पावडरीसकट तोलली गेली का बघा. इन्व्हेंटरीचे फोटो मागा, काढलेले असतातच. आणि त्या सोनाराच्या काट्याला वैधमापनवाल्यांचा शिक्का कोणत्या वर्षाचा आहे ते विचारा.

तालुकावकील | शुक्रवार, रात्री ८.१२

फोटोंसाठी अर्ज लिहायला घेतलाय. बेंचसमोर सोमवारी अर्ज दाखल होईल, आधी उशिराचा मुद्दा, मग वजनाचा. वडिलांना फोन केला. ०.६० ग्रॅम म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चिमूटभर मिठाएवढं. ते म्हणाले, मिठाचं नका सांगू, तारीख सांगा.